शेतावरची जुनी गाडी दुसऱ्याच्या हाती देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेतावर सुमारे वीस वर्षे राबलेली एक उघडी चारचाकी गाडी आहे. पुढे दोघांची बैठक, मागे उलटवता येणारा छोटा हौदा, गरजेप्रमाणे चारही चाकांना जोर देण्याची सोय आणि पेट्रोलचे इंजिन. वडील ती चालवत असत. गुडघे थकल्यामुळे तीन वर्षांपूर्वी त्यांनी चालवणे सोडले आणि तेव्हापासून गाडी छपराखाली उभी आहे. ती विकण्याची इच्छा नाही. जिथे तिला खरोखर काम मिळेल अशा ठिकाणी ती देऊन टाकायची आहे. मग ती कोणाला द्यावी, देण्यापूर्वी तिच्यात काय दुरुस्त करून घ्यावे, आणि दिल्यानंतर काही अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ शेतीची यंत्रे आणि शेतावरच्या गाड्या दुरुस्त करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती अशी की, फुकट द्यायची गाडी विकायच्या गाडीपेक्षा अधिक काळजीने द्यावी लागते. विकत घेणारा माणूस आपला मेकॅनिक बरोबर आणतो, गाडीखाली शिरून पाहतो, चढावर नेऊन बघतो आणि एखादी खोट सापडली की ती मुद्दाम बोलून दाखवतो, कारण तेवढ्याने भाव उतरतो. ज्याला गाडी फुकट मिळते तो मात्र संकोचतो. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे त्याच्या मनात असते. कोणी एवढी मोठी वस्तू देत असताना ‘ब्रेक नीट लागतात ना?’ असे विचारणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. म्हणून दात मोजण्याचे काम देणाऱ्याने स्वतःच करायचे असते, आणि जे आढळेल ते घेणाऱ्याच्या हाती लेखी ठेवायचे असते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वापरत असलेली अशीच एक गाडी, नव्याने शेती सुरू केलेल्या एका तरुण जोडप्याला दिली होती. तिचा हँडब्रेक सपाटीवर नीट धरत असे, पण उतारावर हौद्यात माल असला की हळूहळू सुटत असे. मला हे माहीत होते असे म्हणणे पूर्ण खरे नाही. माझ्या हाताला ते माहीत होते. उतारावर गाडी उभी केली की मी विचार न करताच मागच्या चाकाला दगड लावत असे, आणि तो दगड कायम हौद्यात पडलेला असे. गाडी देण्याच्या दिवशी मी हौदा मोठ्या आस्थेने झाडून धुतला आणि तो दगड काढून टाकला. आठवड्याभरात त्या दोघांनी ओल्या चाऱ्याने भरलेली गाडी उतारावर उभी केली, फाटक उघडायला ते पुढे गेले, आणि गाडी त्यांच्या मागून आपोआप खाली येऊन फाटकाच्या खांबावर आदळली. ती दोघे हातभर अंतराने वाचली. हँडब्रेकची तार ताणायला मला अर्धा तास लागला असता. आणि तेवढे करणे जमले नसते तरी एक वाक्य सांगायला काहीच लागले नसते.

जुन्या गाडीतला धोका तिच्या उघड बिघाडांत जितका असतो, त्याहून जास्त तो तिच्या मालकाच्या अंगवळणी पडलेल्या सवयींत लपलेला असतो. उघड बिघाड नव्या मालकालाही दिसतो. पण मालक वर्षानुवर्षे ज्या खोडीला वळसा घालून गाडी चालवत आला, ती खोड त्याला स्वतःलाच दिसेनाशी झालेली असते. तुमच्या बाबतीत ते सगळे ज्ञान वडिलांच्या हातापायांत आहे, आणि ते गाडीबरोबर गेले नाही तर नव्या मालकाला फक्त लोखंड मिळेल. ते बाहेर काढण्याची माझी पद्धत साधी आहे. गाडी चालती झाली की वडिलांना शेजारच्या आसनावर बसवा, स्टिअरिंगवर तुम्ही बसा, आणि शेतावरच्या नेहमीच्या वाटेने एक फेरी मारा. ‘गाडीत काय काय बिघडले आहे?’ असे त्यांना विचारू नका. त्यावर ‘काही नाही, चांगली आहे’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी ज्या ज्या ठिकाणी ते ‘थांब, असे नाही’ म्हणतील, त्यांचा हात आपोआप पुढे येईल किंवा पाय पेडल शोधू लागेल, ते ते ठिकाण फेरी संपताच लिहून काढा. थंड इंजिनाला चोक किती वेळ द्यावा लागतो, इंधनाचा काटा कुठे अडकतो, रिव्हर्स टाकताना लिव्हर शेवटपर्यंत दाबावा लागतो का, ब्रेक लावल्यावर गाडी कोणत्या बाजूला ओढते, फाळक्याची कोणती कडी धक्क्याने उघडते, हे सगळे त्या एका फेरीत बाहेर पडते. तापमानाचा दिवा लागत नाही, याचा अर्थ इंजिन थंड आहे असा नसून दिव्याची तार तुटलेली आहे असा असू शकतो. नव्या मालकाचे इंजिन जळण्यापासून वाचवणारी अशी एखादी ओळ बहुधा याच कागदावर सापडते.

अर्थात त्याआधी गाडी चालती व्हायला हवी, आणि तीन वर्षे उभ्या असलेल्या गाडीला सरळ सेल्फ मारणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. आधी डिपस्टिक काढून ऑइल पाहा. ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल इंजिनात झिरपलेले आहे. ते दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी गेले आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन फिरवू नये. ऑइल ठीक असले तरी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, काही तास जाऊ द्यावे आणि इंजिन आधी हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले तरच पुढे जावे. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून टाकावे. उभ्या गाडीतले पेट्रोल काही महिन्यांतच खराब होऊ लागते, त्यातला हलका अंश उडून जातो आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावाही ओढून घेते. हे जुने पेट्रोल नव्यात मिसळून ‘संपवून टाकू’ असा विचार करू नये.

एअर फिल्टरचा डबा उघडताना तोंडावर कापड बांधा आणि हातमोजे घाला. अशा डब्यात उंदरांची घरटी हमखास असतात. ती कोरडी झाडू नयेत, आधी जंतुनाशकाच्या पाण्याने भिजवून मग उचलावीत, कारण उंदरांच्या मलमूत्रातून रोग पसरतात. उंदीर तारांचे आवरणही कुरतडतात, म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी आसनाखालून जाणाऱ्या तारा नजरेखालून घाला. सायलेन्सरचे तोंड आणि टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र कुंभारमाशीने मातीने लिंपलेले नाही ना, हेही पाहा. ते छिद्र बंद असेल तर गाडी सुरू होते, थोडी चालते आणि बंद पडते, आणि लोक विनाकारण कार्बोरेटर खोलत बसतात. बॅटरीबद्दल फार आशा धरू नका. बारा व्होल्टची चांगली ॲसिड बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि १२ च्या खाली गेलेली बॅटरी जवळजवळ उतरलेली समजावी. तीन वर्षे चार्जिंगविना पडलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसलेला असतो आणि ती पुन्हा उभी राहत नाही. नवी घालता आली तर घाला. नाहीतर ‘बॅटरी निकामी’ असे कागदावर स्पष्ट लिहा.

आता दुरुस्तीचे. गाडी देण्यापूर्वी सगळे दुरुस्त करण्याची गरज नाही, आणि ते बहुधा परवडतही नाही. माझा नियम असा आहे की गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी संबंधित ज्या तीन गोष्टी आहेत, म्हणजे थांबणे, वळणे आणि उलटल्यावर वाचणे, त्या देणाऱ्याने नीट करून द्याव्यात. धूर, आवाज, फाटके आसन, फुटलेली काच, सुरू व्हायला लागणारा वेळ, हे सगळे जसेच्या तसे सांगून दिले तरी चालते. रंग मात्र मुळीच लावू नये. जुन्या गाडीला द्यायच्या आधी लावलेला रंग गंज आणि तडे झाकतो, आणि हेतू कितीही चांगला असला तरी त्याने घेणाऱ्याची फसवणूकच होते.

थांबण्यापासून सुरुवात करू. ब्रेकचे पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट तसेच धरा. पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर नळ्यांमध्ये हवा आहे. घट्ट लागून नंतर हळूहळू खाली जाऊ लागले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधले रबर गेले आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि नळ्यांना आतून गंज चढतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, म्हणजे तुमच्या गाडीत ते बदलणे आवश्यकच आहे. कोणते ऑइल घालायचे ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. डॉट ३ आणि डॉट ४ एका कुळातले आहेत. डॉट ५ सिलिकोनचे आहे आणि ते त्यांच्यात मिसळता येत नाही. इंजिनचे ऑइल तर ब्रेकमध्ये चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते. गाडी खूप जुनी असेल तर ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. हँडब्रेक कुठे तपासायचा हे वर आलेच आहे: सपाटीवर नव्हे, तर उतारावर आणि हौद्यात वजन ठेवून. त्या वेळी गाडीच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

वळण्यासाठी पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवा. वर-खाली धरून हलवल्यावर खडखड झाली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट सैल आहेत. डावी-उजवी धरून हलवल्यावर झाली तर स्टिअरिंगचे सांधे. चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांवरचे रबरी बूट फाटलेले असतील तर आत माती गेलेली असते आणि सांधा फार दिवस टिकत नाही, पण बूट वेळीच बदलला तर बरेचदा वाचतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या संकेताच्या शेवटी चार अंक असतात. २००० सालापासून हे अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१६ असेल तर टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक दिसते म्हणून जुना टायर चांगला असतो असे नाही. सावलीत उभ्या गाडीच्या टायरलाही बाजूने बारीक भेगा पडतात.

उलटल्यावर वाचवणारी जी लोखंडी चौकट डोक्यावर असते, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इतर सगळ्यांपेक्षा हीच गोष्ट लोक हलकी समजतात. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतरच्या काळात तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू खूप घटले. शेतावरच्या गाडीलाही हेच लागू आहे. पण चौकट एकटी वाचवत नाही. सीटबेल्ट आणि चौकट मिळून वाचवतात. पट्टा न लावलेला माणूस गाडी कलंडताच बाहेर फेकला जातो आणि त्याच चौकटीखाली सापडतो. झाडाच्या फांद्या लागतात म्हणून कोणी चौकट कापलेली असेल, फवारणीचा पंप बसवायला तिला भोके पाडलेली असतील, वेल्डिंग केलेले असेल, किंवा गाडी एकदा उलटून ती वाकलेली असेल, तर तिच्यावर विसंबता येत नाही; ती बदलावी लागते. वडिलांच्या हातून गाडी कधी उलटली होती का, हे त्यांना नक्की विचारा. ही गोष्ट घरातही सांगितली गेलेली नसते.

चौकट नाही आणि मिळण्यासारखीही नाही, किंवा चेसिसला तडा गेला आहे, असे आढळले तर ही गाडी चालवण्यासाठी कोणालाही देऊ नये. अशा वेळी ती सुट्या भागांसाठी द्यावी, आणि ‘केवळ सुट्या भागांसाठी’ असे कागदावर लिहून द्यावी. यात कमीपणा काहीच नाही. त्याच जातीच्या दुसऱ्या दोन गाड्या तिच्या भागांवर पुढे चालू राहतील, आणि यंत्रकाम शिकवणाऱ्या एखाद्या शाळेत मुलांनी तिचे इंजिन खोलले-जोडले तर तेही तिचे चांगले काम होईल.

हे उत्तर वाचणाऱ्या काहींकडे जीपच्या जातीची गाडी असेल, त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करतो. विलिस या अमेरिकी कंपनीने १९४५ साली सैन्याच्या जीपवरून सीजे-२ए हे मॉडेल शेतकऱ्यांसाठी काढले, आणि १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर प्रथम लोकांसमोर आली, तीही शेतीकाम डोळ्यांसमोर ठेवूनच. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा असल्यामुळे लँड रोव्हरचे पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले, पण चेसिस पोलादाचीच राहिली. त्याचा परिणाम असा की अंगावर गंजाचा डाग नसलेली गाडी खालून पोखरलेली असू शकते. म्हणून अशा गाडीची परीक्षा वरून न करता खालून, छोट्या हातोडीने चेसिस ठोकत करावी. खणखणीत आवाज येतो तिथे पोलाद शाबूत आहे, बद्द आवाज येतो तिथे पापुद्रा सुटलेला आहे. या जुन्या गाड्यांना इंजिनच्या जोरावर अवजार फिरवणारा शाफ्ट जोडण्याची सोयही असे. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गतीने फिरणारा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो आणि कपड्याचे टोक पकडले तर हात मागे घ्यायला वेळ देत नाही. त्यावरचे आवरण नसेल तर शाफ्ट काढून ठेवून मगच गाडी द्यावी. अशा जुन्या मॉडेलची गाडी जपणारे हौशी लोक असतात, त्यांना आधी विचारा. तुमची गाडी मात्र वर्णनावरून नंतरच्या जातीची, गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी दिसते. कावासाकीची म्यूल १९८८ साली आली, त्या घराण्यातली. ती जपून ठेवायची वस्तू नाही, कामाचीच वस्तू आहे, आणि तिला काम करणारा मालकच हवा.

हौद्याची स्वच्छता हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. वीस वर्षे त्यातून खते, कीटकनाशके आणि तणनाशके वाहिली गेली असतील. हातमोजे घालून, साबणाच्या भरपूर पाण्याने, विहीर किंवा ओढ्यापासून दूर तो धुवा. त्यात लाकडी फळ्या असतील तर त्या बदला, कारण लाकूड औषध शोषून घेते. आसनाच्या फाटक्या फोमचेही तेच. काढलेले जुने ऑइल आणि पेट्रोल मातीत ओतू नका, बंद डब्यात भरून गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या. रेडिएटरमधले जुने कूलंट उघड्यावर तर अजिबात ठेवू नका. ते चवीला गोड असते आणि जनावरांसाठी जहाल विष असते.

आता कोणाला द्यावी. ‘सर्वांत गरजू कोण’ हा प्रश्न मनात येणे साहजिक आहे, पण तेवढाच प्रश्न विचारून मी कधीच गाडी देत नाही. ज्याच्याकडे दुरुस्तीला हात नाही, वेळ नाही आणि पैसाही नाही, त्याला वीस वर्षे जुनी गाडी देणे म्हणजे त्याच्या दारात एक काळजी नेऊन उभी करणे होय. मी तीन गोष्टी पाहतो. त्याची जमीन कशी आहे: सपाट असेल तर जुनी गाडी अजून बरीच वर्षे चालेल, तीव्र उताराची असेल तर मी देत नाही. त्याच्याकडे निदान पाना हातात धरणारे कोणी आहे का. आणि गाडी कोण चालवणार आहे. या तिसऱ्या प्रश्नावर मी अडून बसतो. घरात लहान मुले असतील तर ‘मुलगा शेतातल्या शेतात फिरवेल’ हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते. अशा गाड्यांच्या बऱ्याच उत्पादकांनी चालकाचे किमान वय १६ सांगितलेले आहे, आणि ते केवळ कागदापुरते नाही. लहान मुलाचे पाय पेडलपर्यंत नीट पोहोचत नाहीत आणि पट्टा त्याच्या मापाचा नसतो. हौद्यात मुलांना बसवून फिरवणेही तितकेच धोक्याचे आहे. हे बोलून दाखवल्यावर समोरचा नाराज झाला तर होऊ द्यावा. जनावरांचा निवारा, शेतकी शाळा, किंवा नुकतीच शेती सुरू केलेले आणि स्वतः यंत्राला हात लावणारे कोणी, अशा ठिकाणी माझ्या पाहण्यातल्या गाड्या सर्वांत चांगल्या नांदल्या.

जबाबदारीच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत आहे. गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदलेली असेल, तर नोंदणी वडिलांच्या नावावर आहे तोवर दंड, कर आणि अपघाताची चौकशी त्यांच्याच दारात येणार. म्हणून नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नये, आणि विमा नाव बदलेपर्यंत बंद करू नये. नोंदणी नसलेली, फक्त शेतात चालणारी गाडी असेल तर दोन प्रतींत साधा लेख करावा: देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, तारीख, गाडी विनामूल्य दिल्याचा स्पष्ट उल्लेख, इंजिन व चेसिसचे क्रमांक, आणि सोबत दोषांची यादी. क्रमांक जुन्या कागदावरून उतरवू नका, गाडीवरचा मळ पुसून प्रत्यक्ष वाचा. मालक वडील असतील तर सही त्यांचीच हवी, आणि इच्छाही त्यांचीच. दानाच्या नोंदीचे आणि कराचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते तुमच्या नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. दुसरा भाग असा: ‘आहे त्या स्थितीत दिली’ एवढे लिहिल्याने सगळे सुटत नाही. माहीत असलेला धोका जाणूनबुजून लपवला तर वस्तू फुकट दिली म्हणून सुटका होत नाही, असे अनेक ठिकाणचे कायदे मानतात. आणि कायद्याने मानले नसते तरी आपल्या मनाने मानलेच असते. दोषांची यादी ही घेणाऱ्याच्या जिवाचे जसे रक्षण करते, तसेच तुमचेही करते, म्हणून तिच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.

देण्याच्या दिवशी घाई नसावी. निदान दोन तास राखून ठेवा. नव्या मालकाला स्वतः चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीत मोटारीसारखे गिअर नसतात. दोन पुल्या आणि एक रबरी पट्टा हेच तिचे गिअर. जड माल घेऊन किंवा चढावर निघताना लिव्हर कमी गतीच्या जागी टाकायचा असतो, आणि तोही गाडी पूर्ण थांबवून. जास्त गतीच्या जागी ठेवून ओझे ओढले की पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. पट्ट्याच्या डब्यात पाणी शिरले तरी तो घसरतो, म्हणून ओढ्यातून गेल्यावर गाडी अचानक जोर लावेनाशी झाली तर घाबरण्याचे कारण नाही, पण तिला तशीच रेटू नये. उतारावर मात्र खरा धोका आहे: यातल्या अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरत नाही, ती मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मोटार चालवण्याची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्या उतारावरच कळते, म्हणून तो पहिला उतार तुमच्या देखत आणि रिकाम्या हौद्याने झालेला बरा. फवारणीची टाकी ठेवणार असतील तर सांगा की २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा जास्त फसवते, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावते.

गाडी दुसऱ्या गावी जाणार असेल तर दोरीने ओढत नेऊ नका, ट्रेलरवर न्या. इंधनाची तोटी बंद करा, हौदा रिकामा ठेवा, चारही कोपऱ्यांवर पट्टे आवळा, आणि गाडी थोडी पुढे सरकवून अशी उभी करा की एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा ट्रेलरच्या जोडणीवर येईल. वजन मागे राहिले तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. दुसरी किल्ली, वापराची पुस्तिका, शिल्लक फिल्टर, त्या गाडीलाच बसणारा पाना, असे घरात कुठेतरी पडलेले असेल ते शोधून त्याच दिवशी द्या. मागाहून पाठवू म्हणून ठेवलेले सहसा जात नाही. वडिलांना काही आठवण ठेवायची असेल, तर ती गाडी निघण्याआधी काढून घ्या.

त्यानंतर गाडी त्यांची. त्यांनी तिला वेगळा रंग दिला, हौदा कापला किंवा ती पुढे कोणाला दिली, तर त्यात आपण पडू नये. महिन्याभराने एकदा फोन मात्र करा, आणि तेव्हा ‘गाडी बरी चालते ना?’ असे विचारू नका. हँडब्रेकची तार पुन्हा ताणावी लागली का, डिपस्टिकवर ऑइल किती खाली आले, उतारावर गाडी कशी धरते, असे नेमके विचारा. पहिल्या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ असेच उत्तर येते. या प्रश्नांना खरे उत्तर येते, आणि त्यातून काही निघाले तर ते फोनवरच सांगून टाकता येते.